अश्विनची खोली आणि आयकर

प्रताप नगरातले बळीरामजी सकाळपासून खुर्चीत टिकेनात. कतारला नोकरीला गेलेल्या अश्विनचं आयकर रिटर्न ते ऑनलाइन भरत होते. आज शेवटची तारीख, आणि संगणक विचारत होता, मुलगा निवासी की अनिवासी?

"अनिवासी करा ना बाबा," फोनवर अश्विन कावला.

"काहून? तुही खोली इथंच हाये. माय रोज गादी झटकते!"

"निवासी केलं तं कतारच्या पगारावरही भारतात टॅक्स लागन!"

बळीरामजी अंगणात फेऱ्या मारून आले. "तूच दाब वं ते अनिवासी," त्यांनी बायकोला, वच्छलाबाईंना विनवलं.

"माह्या हातानं लेकराले बाहेरचा करू?"

शेवटी बळीरामजींनीच दाबलं. "पुढच्या वर्षी निवासी हो गा."

"त्यासाठी सहा महिने तिथं राहावं लागते, बाबा."

"मंग राह्य ना! कोण हाकलून राह्यलं तुले?"