भावजयीची उत्तरपत्रिका

माझ्या भावजयीला पीएचडी करायची आहे हे आईनं फोनवर सांगितलं आणि माझ्या पोटात दुखलं. खोटं कशाला बोलू? तोंडानं "अगं बाई, छान!" म्हटलं खरं, पण फोन ठेवल्यावर कणीक अशी काही तिंबली की नवरा स्वयंपाकघरात डोकावून, काही न विचारता परत गेला.

मी इकडे मध्य प्रदेशात, धारला एका कॉलेजात इंग्रजी शिकवते. पदाचं नाव अतिथी विद्वान. नाव ऐकून वाटावं की हार घालून बसवत असतील. दरवर्षी नवी यादी लागते, एखादा पीएचडीवाला वर येऊन बसतो आणि खालचा माणूस बाहेर. त्याला इकडे 'फॉलन आउट' म्हणतात. मी दोनदा फॉलन आउट झाले आणि दोन्ही वेळा हातापाया पडून परत आले. पीएचडी असती तर ही वेळ आली नसती. एम.ए. झाल्यावर मी म्हटलं होतं, पुढं शिकते. आई म्हणाली, "लग्नानंतर कर, सासरचे काय नाही म्हणतात का?" सासरी कुणी नाही म्हटलं नाही. कर, असंही कुणी म्हटलं नाही. मग मुलं झाली, सासूबाईंचा गुडघा झाला, वर्षं गेली. आता प्रवेश परीक्षेला बसायचं तर माझेच विद्यार्थी शेजारच्या बाकावर. ते पास झाले आणि मी लटकले तर तोंड कुठं दाखवू? म्हणून बसत नाही, झालं.

आणि तीच आई आता देवासला सुनेला अभ्यासाला बसवत होती. दिवाळीला मी माहेरी गेले तर भावजय आतल्या खोलीत पुस्तक घेऊन आणि आई गॅससमोर पोळ्या लाटतेय. भाऊ कारखान्यातून आला, त्यानं आपल्या हातानं चहा करून आत नेऊन दिला. मला म्हणे, "तायडे, हळू बोल जरा, ती वाचतेय." आईनं माझ्या हातात सुरी दिली. "तिची परीक्षा आहे गं, तू तेवढी भाजी चीर." माहेरपणाला आलेली मुलगी मी, भोपळा चिरत बसले. माझ्या एम.ए.च्या वेळी याच आईनं मला परीक्षेच्या आदल्या दिवशी पाहुण्यांचे पोहे करायला लावले होते. मला अजून आठवतंय, लिंबू नव्हतं म्हणून बोलणीही खाल्ली होती.

भावजय गंधवानीची. तिचे वडील तिकडच्या शाळेत मास्तर होते. घरात मराठी, शाळा हिंदी, बाहेर भिली-मालवी. मराठी पेपर हातात दिला तर ती बोट ठेवून वाचते, इंग्रजीचं काय सांगू! पण विषय तिनं असा निवडला की मला तोही डाचला. गंधवानीच्या हाटात, म्हणजे आठवडी बाजारात, माल घेऊन बसणाऱ्या बायका दिवसभरात आपसांत काय ठरवतात, कुणाला सांभाळून घेतात, कुणाला वाळीत टाकतात, यावर तिला लिहायचं होतं. लहानपणी ती त्यांच्यातच बसून बोरं खायची. मला एवढ्या वर्षांत असा एक विषय सुचला नव्हता.

ज्या खासगी विद्यापीठात तिनं अर्ज भरला तिथं पहिली पायरी इंग्रजीची. एक उतारा, पाच प्रश्न, उत्तरं आपल्या शब्दांत इंग्रजीतून लिहायची. पंचवीस मार्क. तुमचा विषय कितीही पक्का असो, वाचलेलं इंग्रजी समजत नसेल तर मुलाखतीलाही बोलवत नाहीत.

तिनं मला फोन केला. "वन्सं, मला उतारे शिकवा ना. तुमच्याशिवाय कुणाला विचारू?" वन्सं! तिच्या वयाची कुणी आजकाल नणंदेला असं म्हणत नाही. आईनं शिकवलं, तिनं उचललं. आईचं सगळंच ती उचलते.

मी हो म्हटलं, आणि दर रविवारी तिला माझ्या कपाटातले सगळ्यात किचकट उतारे पाठवले. एकेक वाक्य अर्ध्या पानाचं. दोन रविवारांत दमेल आणि नाद सोडेल, असा माझा साधा हिशेब. ती दमली नाही. वहीत उतारा उतरवून काढायची, पानांचे फोटो पाठवायची आणि विचारायची, "वन्सं, हा माणूस इतका फिरवून का बोलतो? याला कुणाची भीती वाटते का?" तिची एक पद्धत होती. प्रत्येक वाक्य आधी मालवीत बोलून बघायची. मालवीत बसलं तर कळलं, नाही बसलं तर पुन्हा वाचायचं. मी तिला हसले. म्हटलं, "अगं, अशानं तीन तासांत तुझा एक परिच्छेद होईल." ती म्हणाली, "हव, होऊ द्या. पण तो माझा होईल ना." सहा महिन्यांत तिची वही मला माझ्या मुलांच्या वहीपेक्षा ओळखीची झाली.

परीक्षा देवासला झाली आणि उत्तरपत्रिका तपासायला आमच्या धारच्या कॉलेजात आल्या. इंग्रजीचे आम्ही तिघं. सुरुवातीला एक फॉर्म दिला, माझा जवळचा नातेवाईक या परीक्षेला बसलेला नाही म्हणून. खाली नाती छापली होती: पती, पत्नी, मुलगा, मुलगी, भाऊ, बहीण. भावजय नव्हती. छापणाऱ्याला सुचली नसेल, मला मात्र तिथं सुटका दिसली. मी सही ठोकली. नाव नसतंच, नुसता कोड असतो, शे-सव्वाशे पत्रिकांतून तिची माझ्याकडेच कशाला येईल, असं मनाशी म्हटलं. खरं सांगायचं तर यावी असंच मला वाटत होतं. तिची फजिती मला माझ्या डोळ्यांनी बघायची होती.

उतारा होता एका बाईचा. तिच्या गावच्या नदीवर पूल झालाय, तरी ती माहेरी जाताना होडीनंच जाते. शेवटचा प्रश्न, का जाते? त्याला दहा मार्क. उत्तरांचा नमुना मीच लिहिला होता, जुन्या काळाची ओढ. धरमपुरीला नर्मदेवर होडीत बसलेली माणसं मी लहानपणापासून बघतेय, मला वाटलं, यात समजण्यासारखं आहे काय!

सकाळी माझ्या शेजारच्या म्हाताऱ्या सरांकडे एक पत्रिका आली, तिच्यावर ॐ काढलेला होता. नियम असा की पत्रिकेवर देवाचं नाव, खूण, काहीही दिसलं तर ते ओळखचिन्ह, आणि पत्रिका बाद. सरांनी लाल पेनानं ॐवर रेघ मारली, बाजूला सही केली आणि पुढं तपासायला लागले. मी बघतेय म्हटल्यावर हसले. "अरे मॅडम, बच्चा घबराया होगा, भगवान को याद किया. इसके लिए किसी का साल खराब करें क्या?" मीही मान डोलावली.

जेवणाच्या सुट्टीनंतर तिची पत्रिका माझ्यासमोर आली.

पान उघडलं आणि मला ओळखायला क्षणही लागला नाही. वर मधोमध 'श्री', दोन्ही बाजूंना दोन दोन उभ्या रेघा. आमच्या घरची. आमच्या माहेरी वाण्याची यादीसुद्धा श्री काढल्याशिवाय सुरू होत नाही. आईनं आम्हाला लावलेली सवय, पुढं सुनेलाही लावली. आणि त्याच्याखाली ते वहीतलं गोल गोल अक्षर. उत्तरांखेरीज काहीही लिहू नका, ही सूचना पहिल्या पानावर छापलेली होती की! इंग्रजीत, बारीक अक्षरात, अकराव्या नंबरला. उताऱ्यासाठी जीव टाकणाऱ्या माझ्या भावजयीनं ती वाचली नव्हती.

मी उत्तरं वाचली. चुका होत्या. पण तिला सगळं कळलं होतं. कुठलं वाक्य बाई मनापासून बोलते, कुठलं नुसतं लोकांसाठी, तेसुद्धा. आणि शेवटच्या प्रश्नाला तिनं लिहिलं होतं की ही बाई होडीनं जाते कारण होडीवाला प्रत्येकाला विचारतो, कुठं चाललीस, कुणाकडे. पुलावर कुणी विचारत नाही. ज्या बाईला कुणी विचारत नाही ती माहेरी गेली काय नि न गेली काय.

मी घाईघाईनं उतारा पुन्हा काढला. होडीवाला खरंच विचारत होता, दोन ठिकाणी. मी तो चार वेळा वाचला होता आणि मला ते दिसलं नव्हतं. वीस वर्षं इंग्रजी शिकवतेय मी!

मी पेन्सिलीनं मार्क दिले. पंचवीसपैकी एकवीस. गठ्ठ्यात तोपर्यंत एवढे कुणालाच नव्हते. आणि मग माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. मला सगळं समोर दिसायला लागलं. ही डॉक्टर होणार, आई गल्लीभर पेढे वाटणार, 'आमची सून' म्हणत फिरणार. कुणी विचारलं, मुलगी काय करते, तर आई म्हणणार, आहे धारला, शिकवते कुठंतरी. लाल पेन माझ्या हातातच होतं. श्रीवर एक रेघ मारायची, एक सही करायची, बस्स. सकाळीच सरांनी ते माझ्यासमोर केलं होतं.

मी खोडरबरानं मार्क पुसले, उठले आणि पत्रिका केंद्रप्रमुखांच्या टेबलावर नेऊन ठेवली. "सर, इसमें पहचान चिन्ह है." त्यांनी चष्मा वर केला, श्री बघितली, म्हणाले, "नियम तो नियम है," आणि वेगळ्या पाकिटात घालून लाख लावली. शेजारच्या सरांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि खाली मान घालून तपासायला लागले.

महिन्याभरानं निकाल लागला. नुसते पास झालेल्यांचे नंबर, त्यात तिचा नव्हता. नापासांचं कारण कुणी सांगत नाही. पुढच्या रविवारी मी देवासला गेले. का गेले, विचारू नका. बघायला गेले.

भावजय ओट्याशी उभी राहून पोळ्या करत होती. आईनं मला पलंगावर बसवलं, पाठीवरून हात फिरवला आणि हळूच म्हणाली, "आपल्या घरात इंग्रजी येतं ते तुलाच गं. ते काय सगळ्यांचं काम आहे!" इतकी वर्षं हेच ऐकायला मी आसुसले होते. ऐकलं, आणि गोड लागलं, हेही लिहून टाकते.

जेवताना भावजय म्हणाली, "वन्सं, तुम्ही एवढा वेळ दिलात, मी वाया घालवला. मला वाटलं, तो होडीचा उतारा मला कळलाय. इतका कळलाय असं वाटलं होतं! घरी येऊन आईंना पूर्ण सांगितलासुद्धा. पण नाही ना कळला. म्हणजे मला वाटतं कळलं, आणि कळलेलं नसतं. आता काय वाचलं तरी भरवसा कसा ठेवू?" ती रडत नव्हती. डाळीत चमचा फिरवत होती. "हाटातल्या बायका काय बोलतात ते तरी मला कळतं का, कोण जाणे."

मी गप्प बसायला हवं होतं. पण तोंडातून निघून गेलं, "कळला होता तुला."

"कशावरून?"

"एकवीस होते तुला."

भाऊ घास हातात धरून थांबला. भावजय म्हणाली, "तुम्हाला कसं ठाऊक, वन्सं?"

मग मी सांगितलं. पत्रिका माझ्याकडे आली होती, वर श्री होती, ती नियमात बसत नाही. एवढ्यावर थांबता आलं असतं. पण आई बघत होती आणि मला ते सहन होईना. म्हटलं, "रेघ मारून पुढं जाता आलं असतं. मी गेले नाही. मीच नेऊन दिली."

आई ताट तसंच टाकून उठली. भावानं मला नावानं हाक मारली, तायडे नाही. आणि भावजय, ती माझ्याकडे बघतच राहिली. मला वाटलं, आता बोलेल, शिव्या देईल, द्यायलाच हव्यात. ती म्हणाली, "एकवीस? इंग्रजीत?"

"हो."

"आणि होडीचं? ते पुलावर कुणी विचारत नाही, ते बरोबर होतं?"

"दहापैकी नऊ."

ती हसली. डोळ्यांतून पाणी वाहतंय आणि हसतेय. आतल्या खोलीकडे तोंड करून ओरडली, "आई, ऐकलं का, कळला होता हो मला! नऊ मिळाले!" मग पदरानं डोळे पुसले आणि मला म्हणाली, "म्हणजे पुढच्या वर्षी वर काही लिहायचं नाही, एवढंच ना वन्सं?" मला ती एक वाकडा शब्द बोलली नाही. बोलली असती तर मी भांडले असते आणि मोकळी झाले असते.

तीन वाजताच्या बसनं मी धारला परत निघाले. सोडायला कुणी आलं नाही. पुढच्या वर्षी ती पास होणार, हे तिच्याहीआधी मला ठाऊक झालंय, कारण तिला वाचलंय ते मी. आणि अजूनही, एवढं सगळं होऊनसुद्धा, मला ते बघवत नाही.