रोहिदासनं कानातलं यंत्र का घेतलं न्हाई

…न्हाई ग, कानात घालायचं यंत्र त्यानं घेतलंच न्हाई. त्येच तर सांगतीया. तू आपलं लिहीत ऱ्हा शिवाने, मदी मदी इचारू नगंस.

रोहिदास म्हन्जी वरच्या धनगरवाड्यातला. वेल्हं ते नसरापूर वडाप करतो, ती पांढरी जीप त्याची. गाडी चालवण्यात कुनी त्याला बोट दावायचं न्हाई. पन मान्साची एक खोड व्हती. डाव्या अंगानं कुनी काय बोललं की ह्यो जरा हासायचा, "बरं बरं" म्हनायचा आन गिअर टाकायचा. कुनी म्हनायचं गर्व झालाय, कुनी म्हनायचं मुळातच घुमा. खरं काय त्ये फकस्त त्याच्या बायकूला, धनश्रीला म्हाईत. ल्हानपनी त्याचा डावा कान फुटला, लई दिस वाहात ऱ्हायला, आन त्यातच पार गेला. त्या कानापाशी ढोल बडवला तरी त्याला पत्ता लागायचा न्हाई.

आता बग, डायवर बसतो उजवीकडं. म्हन्जी समदी गाडी त्याच्या मेल्या कानाकडं. पन ह्या गड्यानं आरसा असा लावलेला की मागच्यांची तोंडं दिसावीत. ओठ हालले की वळखायचा. उतरायचं असलं की लोक पत्र्यावर थाप मारत्यात, ती उजव्या कानाला कळायची. असं इतकी वर्सं निभावलं. भ्या एकच, लोकांला कळलं तर बहिऱ्याच्या गाडीत बसनार कोन? पोटच त्या गाडीवर.

आन घोळ केला फोननं. दर फाट्यावरनं एकेकाचा फोन, कुठवर आलास, मला जागा धर. ह्यो फोन उजव्या कानाला लावून, मान वाकडी करून, खांद्यात दाबून चालवायचा. एक दिस धनश्री शेजारी बसलेली आन विंझरच्या वळनावर म्हस आडवी आली. ब्रेक दाबला तसा फोन पायात पडला. म्हस गेली निवांत शेपूट हालवत. धनश्री म्हनली, "त्ये हात न लावता बोलायचं यंत्र मिळतंय त्ये घ्या, न्हाईतर मला हितंच उतरवा. मी जाईन चालत."

मंग गेला नसरापूरला मोबाईलच्या दुकानात. तिथं शेफाली नावाची पोरगी असती, लई हुशार. आन दुकानात उभी कोन, तर गुंजवण्याची चंद्राबाई, अंडी इकून झाल्यावर चार्जर बदलाय आलेली. रोहिदास दारातच थबकला. चंद्राबाईनं दोन वर्सांपासनं त्याच्या गाडीत पाय ठिवला नव्हता. यष्टीची वाट बगत उनात बसंल, पन ह्याच्या गाडीत न्हाई. का, त्ये त्याला ठावं नव्हतं. आन तिला एक गोष्ट कळली की समद्या रस्त्याला कळती.

शेफालीनं एका कानाचं यंत्र दावलं, शेंगदान्याएवढं. "दादा, समदे डायवर ह्येच नेत्यात. डाव्या कानात घाला, उजवा कान रस्त्याला मोकळा ठेवा."

बरोबरच व्हतं तिचं. आता न्हाई कसं म्हनायचं? घातलं डाव्या कानात. ती मागं कपाटापाशी गेली, भाईर यष्टीचा हॉर्न चाललेला, हिचे ओठ हाललेले ह्यानं पाह्यले, ह्याला वाटलं यंत्रातनं बोलून बगतीया. म्हनला, "झकास ऐकू येतंय. द्या ह्येच."

शेफाली बगतच ऱ्हायली. "अवो दादा, अजून चालूच केलं न्हाई म्या. मावशींचा चार्जर शोधत व्हते."

चंद्राबाई सरकली पुढं. त्याच्या डाव्या कानापाशी टिचकी वाजवली. काय न्हाई. मागनं वळसा घालून उजवीकडं वाजवली, तसा दचकला.

"ह्यो कान बंद हाय व्हय रं?"

"मावशी, हळू बोला."

"कवापासनं?"

"पोरपनापासनं."

चंद्राबाई उजव्या बाजूलाच थांबली. म्हनली, "मंग त्या दिशी मार्गासनीला. तुज्या डाव्या खिडकीत येऊन म्या रडत सांगितलं, माजा भाऊ गेनबा गेला, गाडी वळीव, मला म्हायेराला सोड. तू हासलास. बरं बरं म्हनलास आन निघून गेलास."

रोहिदासनं काउंटर धरला. "पदर तोंडाला व्हता तुमच्या. मला वाटलं, रामराम घातला तुमी."

"भावाचं तोंड बगाय मिळालं न्हाई मला."

ह्यो यंत्र काढून हातात फिरवत बसला. म्हनला, "मावशी, चुकलं. पन कुनाला सांगू नगा. गाडी बसंल माजी."

"सांगनार," चंद्राबाई म्हनली. "माज्यासारखं अजून कोन कोन तुज्यावर फुगून बसलंय, तुला तरी म्हाईत हाय का?"

रोहिदासनं त्ये यंत्र काउंटरवर ठिवून दिलं.

मंग तिनंच शेफालीला इचारलं, कानात न घालता काय मिळतं का. पोरीनं एक चपटी डबी काढली, डायवरच्या डोक्यावर जी उनाची झडप असती तिला चिमट्यानं लावायची. आवाज मोठ्यानं भाईर. चंद्राबाईनं ती उलटीपालटी करून बगितली. "आन आपुन बोलायचं कुठनं?" "त्ये बारीक भोक हाय न्हवं, तिथनं." तिनं डोळा लावून भोकात पाह्यलं. "हितनं वेल्ह्याला जातंय?"

रोहिदास म्हनला, "समद्या गाडीला ऐकू जाईल की."

"जाऊ दे. कंचं गुपित ऱ्हायलंय तुज्यापाशी आता?"

त्या दिशी चंद्राबाई त्याच्या गाडीत बसली, बरोबर त्याच्या पाठीमागं. निम्म्या वाटंत डबी वाजली आन धनश्रीचा आवाज आला, "अवो, कुठवर आलाय?" मागची समदी एकदम म्हनली, "मार्गासनी." धनश्री मंग म्हनली, "कोन हाय ती मानसं?" असं हासली लोकं.

त्या हासन्यातच चंद्राबाईनं सांगून टाकलं. मागं बसलेला गोरख दोन पोरं घिऊन पुढच्या फाट्यावर उतरला, त्यो अजून दुसऱ्या जीपनं जातो. आनखी दोघंतिघं तुटली. खोटं कशाला सांगू. बाकीच्यांनी काय केलं, तर वेल्ह्यापतूर त्याचा कान तपासत आली. कुनी डावीकडनं खोकतंय, कुनी चुटकी वाजवतंय. सोनिया म्हनून कॉलेजची पोरगी हाय, ती पुटपुटली, "टकल्या." रोहिदास आरशात बगून म्हनला, "टकल्या कुनाला म्हनतीस ग?" पोरगी लाजून चूर.

तवापासनं लोक काय सांगायचं तर उजव्या खिडकीशी येत्यात. एकेकाचा जुना राग निघतुया. त्योबी आता गाडी थांबवून इचारतो, माजं काय चुकलं व्हतं का म्हनून.

तर शिवाने, सोमवारी तू वेल्ह्याला जाशील तवा कचेरीपुढच्या चहावाल्या इंद्रजितला गाठ. लेकीच्या लग्नाला रोहिदास आला न्हाई म्हनून त्यो अजून तोंड फिरवतो. त्याला म्हनावं, आजीनं इचारलंय, आवतन दिलंस त्ये कंच्या खिडकीतनं?