सुमनवैनींचे उपास

कसाव्याचं पीठ मी रात्रभर भिजत घातलं होतं. सूनबाई केक-बिस्किटांसाठी ते पाकीट आणायची. साबुदाणा याच कंदाचा होतो, असं ती एकदा बोलून गेली, आणि साबुदाणा म्हटलं की भिजवायचा, एवढं मला जन्मापासून ठाऊक. वय वर्षं बासष्ट; म्हणजे तशी मी अल्लडच. सकाळी पातेल्यात खळ. काळाचौकीतल्या सगळ्या मंडळांचे पोस्टर चिकटले असते.

केक हवा होता सुमनवैनींसाठी. चाळीत त्यांची नि आमची भिंत एक. मूळच्या मालवणकडच्या. रविवारी त्यांच्या तव्यावर सुरमई पडली की वरच्या मजल्यावरची माणसं उगाच जिन्यात रेंगाळायची. वैनी प्रत्येकाच्या हातावर तुकडा ठेवून म्हणायच्या, "खा बाबा, नायतर माझ्या पोटात दुखतला."

त्यांचे यजमान, आमचे दादा, गेले आणि वैनींनी उपास धरले. रडल्या नाहीत. सोमवार, मंगळवार, गुरुवार. वार नसेल तर चतुर्थी, एकादशी. काही घेऊन गेलं की दारातच, "आज नको गो, उपास आसा." आवाजात दुःखही नाही. हातातली बांगडी कोपराकडे सरकू लागली. डोंबिवलीहून त्यांचा मुलगा आला नि मला म्हणाला, काकी, तुम्हीच काहीतरी खायला घाला, अशाने ती राहायची नाही. म्हणून माझी ही युक्ती: कंदाचा केक, अंडं नाही, गहू नाही. उपासाला चालतो, म्हणजे नाही म्हणायला जागाच नको.

खळीवरचं पाणी ओतून टाकलं, दही-तूप घातलं आणि शिट्टी काढलेल्या कुकरात, खाली मीठ पसरून, तो प्रकार भाजला. सुरी घातली तर सुरीबरोबर अख्खा केक वर आला. तरी नेला. हवालदारासारखी त्यांच्यासमोर बसून राहिले. वैनींनी बोटाने दाबून पाहिला आणि मुकाट्याने दोन तुकडे खाल्ले. कसा झालाय विचारलं, तर म्हणाल्या, बरो आसा.

मी लढाई जिंकून घरी आले. उरलेला तुकडा तोंडात टाकला. साखरेची वाटी ओट्यावर तशीच भरलेली होती.

पुढे मी रोज दुपारी माझं ताट घेऊन त्यांच्याकडे जेवायला जाऊ लागले, ते गेल्या वर्षी त्या जाईपर्यंत. त्या गेल्या तेव्हा मलाही रडू आलं नाही. त्यांच्या मोरीतला नळ चालू होता, तो बंद केला. आता घरीच जेवते. जेवण होतं, एवढंच.

केकच्या त्या दिवशी मात्र मी धावत परत गेले. वैनी बशी विसळत होत्या. म्हटलं, अहो, साखरच घालायची राहिली, नुसता डिंक खाल्लात, बोलला कशा नाहीत? त्यांनी बशी पालथी घातली.

"माका खंय कळता गो? ते गेल्यापासून सगळा सारख्याच लागता. तू समोर बसलंस, म्हणान खाल्लंय."