भावोजी फायरप्लेस निवडतात

आमच्या भावोजींइतक्या सावकाशीने वस्तू विकत घेणारा माणूस अख्ख्या कतारात दुसरा नसेल, आणि असलाच तर त्याच्या बायकोने आमच्या ताईइतकं सोसलेलं नसेल. भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. उभी हयात त्यांनी दोह्यातल्या इमारती गार करण्यात घालवली. ऑफिसात एसीच्या अवाढव्य यंत्रणा पटापट मंजूर करायचे. पण मदिनत खलीफा भागातल्या आपल्या भाड्याच्या घरात चहाची गाळणी आणायची तर चार दुकानं पालथी घालायचे. गादी घ्यायला निघाले तेव्हा घरून आपली उशी काखेत मारून निघाले. दुकानात त्या गादीवर कुशीवर आडवे झाले आणि खरोखरच घोरायला लागले. मल्याळी सेल्समन घाबरून ताईला म्हणाला, "मॅडम, सर ठीक है ना?" ताई म्हणाली, "ठीक है. दूसरा दिखाओ, उसपे भी सोयेंगे." एवढं सगळं झाल्यावर शेवटी ताईच कुठल्या तरी गादीवर हात ठेवून "ही" म्हणायची, आणि भावोजी निमूटपणे कार्ड काढायचे.

मग ताईला रक्ताचा आजार निघाला. उपचार सुरू झाले आणि तिच्या अंगात जी थंडी शिरली ती निघेचना. बाहेर ऑगस्टचं ऊन, आणि ताई शाल, मोजे, कानटोपी घालून सोफ्यावर. घरातले सगळे एसी बंद. शेजारी भावोजी बनियनवर बसलेले. "तुम्ही तरी आतल्या खोलीत एसी लावून बसा ना," मी म्हणायची. "मला कुठे उकडतंय?" असं ते म्हणत तेव्हा घामाचा थेंब त्यांच्या नाकाच्या शेंड्यावर लोंबत असायचा. अशाच एका संध्याकाळी टीव्हीवर कुठल्याशा बर्फाळ मुलखातलं घर दाखवत होते. भिंतीत जाळ पेटलेला, समोर एक म्हातारी विणत बसलेली. "किती बरं वाटत असेल हिला," ताई एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून भावोजी फायरप्लेस शोधायला लागले. "घरात हीटर आहे की," मी म्हटलं. "हीटरसमोर माणूस नुसता पडून राहतो गं," ते म्हणाले, "जाळासमोर बसतो." लाकडाची खरी फायरप्लेस घ्यावी तर चिमणी हवी; घरमालकाने भिंतीला भोक पाडण्याची गोष्ट अर्धी ऐकूनच "खलास" म्हणून फोन ठेवला. स्पिरिटवर जळणारी पाहिली, तर तिच्या वासाने ताईला मळमळेल. राहिली विजेची. त्यासाठी सलवा रोडवरच्या दुकानांतून भावोजी वणवण फिरले. प्रत्येक फायरप्लेससमोर जमिनीवर मांडी घालून, डोळे मिटून, तळहात पुढे धरून बसायचे. गिऱ्हाइकं वळसा घालून जायची. एकदा मी बरोबर होते. बराच वेळ आतल्या उजेडाकडे टक लावून ते म्हणाले, "बघ, मघाची ज्वाळा परत आली. त्याच त्याच ज्वाळा फिरवतायत. तिला दिवसभर बघायचंय, तिच्या लक्षात येणार नाही का?"

असं करता करता ऑक्टोबर उलटला. ताई आता भिंतीला धरून चालायची. कॅनडातली भाची व्हिडिओ कॉलवर रडकुंडीला येऊन ओरडली, "बाबा, जस्ट पिक वन!" मलाही राहवलं नाही. म्हटलं, "भावोजी, कुठलीही घ्या, पण आता घ्या." ते हळूच म्हणाले, "घाईत घेतली आणि ऊब पुरली नाही, तर?"

शेवटी ताईच उठली. "मला न्या दुकानात." चाकाच्या खुर्चीत बसवून नेली. तिने सगळ्या रांगेवरून एकदा नजर फिरवली आणि त्यातली सगळ्यात बेंगरूळ, सोनेरी काठाची, आतून लाकडं तडतडल्याचा आवाज काढणारी पेटी दाखवली. "ही."

"अगं, हिची ज्वाळा अगदीच खोटी आहे!"

"ऊब खरी आहे ना? मग झालं. चला आता, मला बसवत नाही."

तो हिवाळा ताईने त्या पेटीसमोर काढला. तिच्या चेहऱ्यावर तांबूस उजेड पडायचा, आणि क्षणभर ती आजारी नाहीच असं वाटायचं. भावोजी पाठीमागे बसून तिच्या खांद्यावरची शाल सारखी करत. हिवाळा संपायच्या आत ताई गेली. तिला विमानाने गावी नेलं. पेटी तेवढी इथे राहिली.

पुढच्या मे महिन्यात भावोजी निवृत्त झाले. इथलं बिऱ्हाड मोडायचं होतं. फ्रिज, सोफा, गाडी त्यांनी येईल त्याला देऊन टाकली. फायरप्लेससाठी मात्र त्यांना एकही गिऱ्हाईक पसंत पडेना. जाहिरात वाचून कोणाचा फोन आला की यांचा पहिला प्रश्न, "घरात थंडी कोणाला वाजते?" शोभेला हवी म्हणणाऱ्यांचा फोन ते तिथेच ठेवत. अखेर नाशिकच्या एका मुलाचा फोन आला. बायको बाळंत झालेली, दोघांच्याही आया येऊ शकल्या नव्हत्या, आणि इमारतीचा सेंट्रल एसी काही बंद होत नव्हता. भावोजींनी पुढे एक शब्द विचारला नाही. आम्ही दोघं पेटी माझ्या गाडीत घालून घेऊन गेलो. त्यांनी स्वतः ती बाळंतिणीच्या खाटेपासून हाताच्या अंतरावर लावली, बाळाच्या डोळ्यांवर उजेड येतोय का ते वाकून पाहिलं, आणि चहासाठी न थांबता निघाले.

परतताना गाडी मी चालवत होते. सिग्नलला थांबलो तेव्हा ते म्हणाले, "तिला न विचारता पहिल्यांदाच काही ठरवलं बघ."

सिग्नल सुटला, मी गाडी पुढे घेतली. त्यांनी आपल्या बाजूची काच खाली केली आणि बाहेरची गरम हवा आत येऊ दिली.