कान न कापलेली डुकरं

मी तिच्या डुकरांना पाणी घालत होतो तेव्हा नांदेडच्या दवाखान्यातून लेकीचा फोन आला. मला बायकोनंच घरी पाठवलं होतं. खाटेवर पडल्या पडल्या म्हणाली, "माझं तोंड बघत काय बसलाय? ऊन तापलंय. त्यांच्या खड्ड्यात पाणी न्हाई. जावा." म्हणून मी अर्धापूरला परतलो, बादली उचलली, आणि लेक फोनवर नुसती रडायला लागली… मी बादली खाली ठेवली नाही. आधी खड्डा भरला, मग गेलो. आता लोकांनी काय म्हणायचं ते म्हणावं.

लोक म्हणालेच. दहाव्याला आलेला एक शहाणा माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "सुटली बिचारी. जिंदगीभर डुकरांच्या घाणीत राहिली." त्या दिवशी घरात माणसं होती, म्हणून मी त्याला पाणी दिलं. पण महिना झाला, तो शब्द डोक्यातून जाईना. म्हणून हे लिहायला बसलो. माझी शाळा तिसरीपर्यंत. चुका निघतील, त्या पेपरवाल्यांनी दुरुस्त कराव्या. राग तेवढा दुरुस्त करू नये.

तिचं नाव नरसाबाई. माहेर देगलूरच्या पलीकडं, त्यामुळं अर्धी बोली तेलुगू. आमचा धंदा पिढ्यानपिढ्या डुकराचा. जात कोणती ते धंद्यावरून तुम्ही ओळखलंच असेल, ओळखा. बहात्तरच्या दुष्काळात ती नवरी होऊन लातूरच्या कडेला आमच्या वस्तीत आली. तेव्हा आमच्याकडं डुकरं पाळायची म्हणजे सोडून द्यायची. दिवसभर गटारीत चरायची, सापडंल ते खायची, आणि विकायची वेळ आली की फासा टाकून धरायची. त्या वर्षी गटारीच आटल्या. डुकराला घाम येत नाही, हे ज्यांना माहीत नसेल त्यांनी माहीत करून घ्यावं. चिखल नसला की ते उन्हात भाजून निघतं. आमची चांगली चांगली जनावरं बाभळीखाली धापा टाकून मेली. तेव्हा ही नवी नवरी, हातावरची हळदसुद्धा गेली नव्हती, पाठीमागं खड्डा खणायला लागली. हॉटेलात भांडी घासायला जायची आणि ते खरकटं पाणी डोक्यावर आणून खड्ड्यात ओतायची.

आई दारातून ओरडायची, "माणसाला प्यायला पाणी न्हाई अन् हिचं बघा, डुकराला न्हाऊ घालून राहिली!"

"आत्याबाई, हे भांड्याचं पाणी हाय. तुमाला प्यायचं असंल तर देते की."

आई त्या दिवशी जेवली नाही. पण त्या उन्हाळ्यात जी डुकरं जगली ती खड्ड्यातली जगली. आई पुढं स्वतःच म्हणायची, "नरसे, तुझा खड्डा कोरडा पडलाय, बघ."

मग हळूहळू तिनं घर बांधलं. डुकरांचं घर. आमच्या झोपडीला तेव्हा धड दार नव्हतं, पण तिकडं दगडाची जमीन, मुताचं पाणी वाहून जावं म्हणून एका अंगाला उतार, वर उसाच्या पाचटाचं छप्पर, शेजारी लिंबाची सावली. मादी विते त्या कोपऱ्यात भिंतीपासून हातभर सोडून बांबू आडवा बांधायची, म्हणजे मादी कूस बदलताना पिल्लू भिंतीशी चिरडू नये. निजायची जागा वेगळी, खायची वेगळी, हगायची वेगळी. ती म्हणायची, डुक्कर निजतं तिथं घाण करत नाही. जागाच दिली नाही तर ते कुठं करंल? मी आता मोठ्यानं म्हणतो, आम्हालाही गटारीच्या काठीच जागा दिली होती, आणि मग आम्हालाच घाण म्हणाले. तो दहाव्याला आलेला शहाणा माझं लिहिलेलं वाचत असेल तर त्यानं हे दोनदा वाचावं.

एकच गोष्ट तिनं केली नाही. आमच्यात पिल्लू थोडं मोठं झालं की कानाचा तुकडा कापतात. प्रत्येक घराचा काप वेगळा. आमच्या घराची खूण डाव्या कानाला दोन खाचा. गटारीत शंभर डुकरं फिरतात, तेव्हा कुणाचं कोणतं हे कानावरून कळतं. बिनखाचेचं डुक्कर बेवारशी, ज्याला सापडंल त्याचं, हा आमच्या जातीचा कायदा. नरसा म्हणाली, माझी डुकरं फिरतच नाहीत, घरात राहतात, मग कान कशाला कापू? पिल्लू किंचाळायला लागलं की ती स्वतःचा कान दाबून धरायची. तिच्या गोठ्यातल्या एकाही पिल्लाला पातं लागलं नाही.

लातूर जिल्हा झाला तेव्हाची गोष्ट. नवी हापिसं, नवे साहेब, रस्त्यांना चुना. गाव साफ करायचा हुकूम निघाला म्हणे, बेवारशी डुकरं उचला. उचलायचं काम कुण्या ठेकेदारानं घेतलं आणि त्यानं दुसऱ्या मुलखातले आमच्याच धंद्याचे लोक आणले. ते फासे घेऊन वस्तीत शिरले. पण कान बघितल्याशिवाय ते फासा टाकत नव्हते, कारण खाचेचं डुक्कर नेलं तर उद्या पंचात भांडण. म्हणजे गटारीतली सगळी खाचेची, ती सुटली. गाडी तर भरायची होती. तेव्हा माझा सख्खा थोरला भाऊ पुढं झाला. मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मी बोलणार. त्याची डुकरं दिवसभर त्याच गटारीत लोळायची. ती पुन्हा कुणाच्या डोळ्यात येऊ नयेत म्हणून त्यानं बोट दाखवलं. "तिकडं बघा. त्या घरातल्या एकाच्याबी कानाला खूण न्हाई."

नरसा दारात आडवी उभी राहिली. "भावजी, ही माझी हायेत, तुमाला ठाऊक न्हाई व्हय?"

"मला ठाऊक असून काय करू? कान बोलतो, नरसे. कायदा हाय."

मी विळा घेऊन धावलो तर तीच माझ्यावर ओरडली, "विळा टाका! तुमी तुरुंगात गेल्यावर यांना पाणी कोण घालंल?" थोरली मादी त्या दिवशी विणार होती. डुकरीण विण्याआधी तोंडानं गवत ओढून ओढून जागा करते. ही तसंच करत होती, तोंडात पाचटाची काडी होती. त्यांनी तिचे चारी पाय बांधले, आणि तोंडही काडीसकट बांधलं. नरसा म्हणत होती, "तोंड नका बांधू रे, धाप लागलीय तिला, दा, दा, इकडं बघ…" दा म्हणजे तिच्या तेलुगूत ये. बांधलेलं जनावर कुठून येणार? गाडी हलली. गटारीत राहणारी डुकरं गटारीतच राहिली, आणि गावातलं सगळ्यात साफ घर रिकामं झालं. असा झाला नवा जिल्हा आमच्यासाठी.

संध्याकाळी पंच बसले. न्याय कसला! कान का कापले नाहीत, हाच सवाल. म्हाताऱ्या पंचानं विचारलं, "बाई, खूण नसल्यावर आमी काय करावं?"

"पंच, आधी तुमचा कान द्या इकडं. तुमी बी लई भटकता, तुमच्या बायकोला सापडत न्हाई."

सगळी बैठक हसली. हसले, आणि उठून गेले. कुणी एक पिल्लूही परत आणून दिलं नाही. भाऊ सगळ्यात आधी उठला.

आम्ही लातूर सोडलं आणि अर्धापूरला आलो. इथं केळीचे मळे. घड काढल्यावर पडलेले खांब फुकट मिळायचे. ती ते चिरून खाऊ घालायची, पानं छपरावर टाकायची. पुन्हा दगडाची जमीन, पुन्हा उतार, पुन्हा बांबू. पिल्लू विकत घ्यायला आलेल्याला ती आधी जागा विचारायची, आणि नुसतं सांगितलेलं पटायचं नाही. एसटीत बसून बघून यायची. रेणापूरचा एक जण वैतागून म्हणाला, "मावशी, पोरगी देताय का डुक्कर?" तर म्हणाली, "पोरगी माहेरी येऊन सांगती तरी. हे कुणाला सांगंल?" त्यानं एवढ्याशा खुराड्यात दोन माद्या कोंडल्या होत्या, वळता येत नव्हतं. नाही दिलं. घरात त्या आठवड्यात तंगी होती, तरी नाही दिलं. आणि कान? एकदासुद्धा नाही. लोक सांगायचे, अगं पुन्हा कुणी नेईल. ती म्हणायची, चोर दुसरा, मग कान माझ्या पिल्लाचा का?

ती गेल्यावर आठवड्यानं एक मादी व्याली. परवा पुतण्या भेटायला आला, त्याच भावाचा पोरगा. तो वाईट नाही. आला, रडला, चहा घेतला, आणि पिशवीतून पातं काढलं.

"तात्या, काकू होती तवर ठीक होतं. आता तुमी एकटे. उद्या पिल्लं भायेर गेली तर कुणाची हे कोण सांगणार? मी करतो, तुमी नका बघू."

"तुझ्या बापानं बोट दाखवलेलं तुला कुणी सांगितलं का?"

"कुठलं बोट?"

मग मी सांगितलं. सगळं, काडीपर्यंत. त्यानं पातं पिशवीत घातलं. मी म्हणालो, "आलाच आहेस तर पाचट बदलू लाग. खालचं ओलं झालंय." त्यानं बदललं. जाताना दारात थांबून म्हणाला, "पण तात्या, काकू ओळखायची. तुमाला ओळखू येतात का?"

पोरगा खरं बोलत होता. ती लांबून नुसत्या चालण्यावरून सांगायची, हे कोण, ते कोण. मला सगळी सारखीच दिसतात. खूण कानावर नव्हती, तिच्या डोळ्यात होती, आणि ते डोळे आम्ही जाळून आलो. आता मी रोज दुपारी त्यांच्या छपराखाली जाऊन बसतो आणि बघत राहतो. आजवर एक ओळखू यायला लागलंय, दूध पिताना सगळ्यात मागच्या सडाला ढकललं जातं ते. बाकीचीही ओळखीन… कान कापू देणार नाही.