आठवी रिबन

मंगळवार, २४ डिसेंबर. साडेसहाला उठले. दूध उशिरा आलं. वन्संच्या हाताच्या प्लास्टरला पिशवी बांधून आंघोळ घातली. झाडावरचे दिवे लावून पाहिले, दोन बंद. नात काल संध्याकाळपासून तीनदा पालथी पडली. व्याही चार वाजता येणार. रिबन दुपारच्या झोपेनंतर.

ही नोंद मी सकाळीच करून ठेवली, कारण पुढे सवड मिळणार नाही हे दिसतच होतं. एरवी मी संध्याकाळी लिहिते. शाळेत सिस्टरांनी लावलेली सवय आहे, साठ वर्षं झाली तरी सुटली नाही. पण त्या दिवशी घरात आम्हा मोठ्या माणसांचंच चित्त थाऱ्यावर नव्हतं. नातीचा पहिला नाताळ, आणि आमच्या घरात पहिला नाताळ म्हणजे रिबन.

रिबन म्हणजे वन्सं. माझ्या दिवंगत यजमानांची ही थोरली बहीण. लग्न केलं नाही. अडतीस वर्षं एका मोठ्या कापड दुकानात रिबन आणि लेसच्या काउंटरवर उभ्या राहिल्या. उभ्याच. तिथे स्टूल होतं, पण त्यावर त्या रिकामी रिळं ठेवत. काउंटरच्या कडेला पितळेची मीटरपट्टी ठोकलेली होती. वन्सं गिऱ्हाइकाशी बोलता बोलता रीळ सोडत, पट्टीवर रिबन सरकवत, आणि खाली न बघता कात्री चालवत. गिऱ्हाइकाच्या नाकावर त्यांची नजर आणि कात्री बरोबर जागेवर. आमची मुलं त्यांना रिबनआत्या म्हणत, आणि सुट्टीत दुकानात जाऊन नुसती ती कात्री बघत बसत.

माझी थोरली झाली, तिचा पहिला नाताळ आला, तेव्हा वन्संनी दुकानातून गुलाबी सॅटिन आणलं. बाळाला पाटावर आडवं ठेवून टाचेपासून टाळूपर्यंत रिबन धरली, कापली, टोकाला नाव शिवलेली चिंधी लावली आणि झाडाला बांधली. म्हणाल्या, "एवढीशी होती, हे पुढे सांगून पटत नाही. दाखवावं लागतं." तेव्हापासून घरातल्या प्रत्येक बाळाची एक. माझी तीन, लेकींची चार. दरवर्षी पत्र्याच्या बिस्किटांच्या डब्यातून सात रिबनी निघतात आणि एकेक जण आपापल्या रिबनीशेजारी उभं राहून हसून घेतो.

यंदाची आठवी. आणि यंदा वन्सं पायरीवर घसरून उजवं मनगट मोडून बसलेल्या.

"कात्री सूनबाई धरेल," त्यांनी जाहीर केलं. "तिचा हात स्थिर आहे."

सून रक्ततपासणीच्या लॅबमध्ये काम करते. थेंबसुद्धा मोजून घेणारी मुलगी. नात पाच आठवडे आधी आली, तेव्हापासून तिने फ्रीजवर एक तक्ता चिकटवला आहे: वजन, लांबी, दूध. रेषा वर जाते आहे, डॉक्टर खूश आहेत; पण तिची नजर रेषेकडे नसते, शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या बाळांकडे असते. आदल्या दिवशी भांडी पुसता पुसता तिने मला हळूच विचारलं होतं, "आई, तिची रिबन सगळ्यांत छोटी असेल ना?"

मी म्हटलं, "असेना का. कुणीतरी असणारच."

चुकीचं उत्तर. तिचं तोंड एवढंसं झालं.

दुपारी नात झोपून उठली. वन्संनी खुर्चीतून हुकूम सोडले. "पाय सरळ कर. अगं, गुडघा दाब, मासोळी आहे नुसती! टाच धर. हं, आता टाळूपर्यंत. आणि काप."

मुलगा पाय धरून, मी डोकं धरून, सून जिभेचं टोक दातात धरून. पिवळी रिबन. नातीने मध्येच ती तोंडात घालायचा प्रयत्न केला. शेवटी कच्च करून कात्री चालली, आणि आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मग सुनेने ती रिबन झाडावर तिच्या नवऱ्याच्या निळ्या रिबनीशेजारी धरली. बापलेक दोघंही जुलैचे, म्हणजे पहिल्या नाताळाला दोघंही पाच महिन्यांची. निळी खाली लोंबत राहिली. पिवळी कुठल्या कुठे वर संपली.

सुनेने टेप आणली. पिवळी एकोणसाठ. निळी सत्तर.

"अकरा सेंटिमीटर," ती म्हणाली.

"अगं, ती पाच आठवडे आधी आली," मुलगा म्हणाला.

"मला माहितीये. मीच आणलीय तिला." आणि ती स्वयंपाकघरात जाऊन धुतलेली बाटली पुन्हा धुवायला लागली.

मुलगा माझ्याकडे बघतोय, जणू मी काहीतरी करणार आहे. माझ्या डोक्यात मात्र एकच आकडा घोळत होता. सत्तर? पाच महिन्यांचं पोर सत्तर? हा माझा मुलगा त्या वयात अंड्याएवढा होता. वन्संच्या मांडीवर आडवा मावायचा.

"कपाटावरची ट्रंक काढ," मी त्याला म्हटलं.

"आत्ता? आई, आत्ता डायरी?"

"काढ म्हणते ना."

पस्तीस वर्षांपूर्वीची वही तिसऱ्या गठ्ठ्यात सापडली. मी उभ्या उभ्याच मोठ्याने वाचलं: "२२ डिसेंबर. बाळाला डॉक्टरांकडे नेलं. वजन सहा किलो चारशे. लांबी त्रेसष्ट. खोकल्याचं औषध दिलं. येताना छत्री विसरले."

बाटलीचा आवाज थांबला.

"किती?" सून दारात आली. हात ओले.

"त्रेसष्ट."

"मग रिबन सत्तर कशी?"

"थांब, थोरलीची काढते." घाईत पानं नीट उलटेनात. थोरली तेव्हा सात महिन्यांची: वहीत सहासष्ट. मुलाने गुलाबी रिबन मोजली. "त्र्याहत्तर!" तो ओरडला. "आई, सातच! दोन्हींत सात सेंटिमीटर जास्त!"

आम्ही तिघं एकदम वन्संकडे वळलो.

"माझ्याकडे काय बघताय?" वन्सं ताठ झाल्या. "म्हणजे मी चुकीचं मापलं? अडतीस वर्षांत एक गिऱ्हाईक परत आलं नाही! तुझ्या त्या वह्याच चुकल्या असतील, डायरीबाई."

"वन्सं," मी म्हटलं, "मला पन्नास सेंटिमीटर कापून द्या बघू."

"या हाताने?"

"डाव्याने. सवय कुठे जात नाही."

मुलाने टेबलावर पट्टी ठेवली. वन्संनी प्लास्टरच्या हाताखाली रिबनीचं टोक दाबलं, डाव्या हाताने ती ओढली, नजर माझ्या नाकावर, आणि पन्नासाच्या खुणेवर अंगठा आला. तिथे थांबला नाही. आपसूक पुढे सरकला. एक, दोन, तीन, चार बोटं. मग थांबला.

वन्संनी खाली पाहिलं. अडतीस वर्षांत बहुधा पहिल्यांदाच.

"अगं बाई!" त्या म्हणाल्या. "हा कधीपासून असं करतोय?"

जसा काही अंगठा त्यांचा नव्हेच. सून आधी हसली. मग मुलगा, मग मी. आणि वन्सं तर डोळे पुसायला लागल्या. "मालक दर वर्षी म्हणायचा, तुझ्याच काउंटरवरच्या रिबनीला उंदीर लागतात काय! मी शपथेवर सांगायची, नाही हो! नोकरीच्या पहिल्या महिन्यात एक पोरगी परत आली होती. वेणीला फूल बांधायला रिबन पुरली नाही तिची. काउंटरला टेकून रडली. तेव्हापासून मनात एकच, कुणाला कमी पडायला नको. पण हातालाच सांगितलं होतं हे, ते मलाच ठाऊक नाही."

सून पुढे झाली, वन्संच्या खुर्चीपाशी गुडघ्यांवर बसली. "आत्या, सगळ्यांना दिलीत. मग माझ्या लेकीची चार बोटं कुठायत?"

"काप! पुन्हा काप! आणि या वेळी पट्टीकडे नाही, माझ्या अंगठ्याकडे बघ."

पुन्हा सगळा खटाटोप. नात आता भलतीच खुशीत. तिला वाटलं हा तिच्यासाठीच खेळ चालला आहे, आणि तसा तो होताच. सुनेने टाळूशी रिबन आणली, वन्संनी डावा अंगठा तिच्या अंगठ्यावर ठेवला आणि दोघींनी मिळून पुढे सरकवला. सहासष्ट.

निळीशेजारी धरली. खाली थोडीशी निळी दिसत होती.

"चारच," सून म्हणाली. मग जरा मोठ्याने, "चारच! चार तर ही मार्चपर्यंत भरून काढेल."

"मार्च कशाला," मुलगा म्हणाला, "ज्या हिशोबाने ओरडतेय, फेब्रुवारीत माझ्याएवढी होईल."

इतक्यात व्याही आले. शाळेत घंटा देण्याचं काम केलेला माणूस; निवृत्तीला शाळेने पितळेची जुनी हातघंटी त्यांना दिली होती. ती ते कापडात गुंडाळून घेऊन आले होते. जमिनीवर कात्री, टेप, उघड्या वह्या, रिबनीचे तुकडे बघून दारातच थबकले. "काय हो, दुकान उघडलंत की काय?"

त्यांच्या घरची रीत सुनेने मला सांगितली होती: झाडाचे दिवे लागले की घरातल्या प्रत्येक माणसामागे घंटीचा एक टोला, वयाने मोठ्यापासून, आणि शेवटचा टोला सगळ्यांत धाकट्याने स्वतः द्यायचा. ती रीत आता आमच्याकडेही आली. आठवी रिबन वन्संनी डाव्या हाताने बांधली, गाठ मी मारली. दिवे लागले. दोन बंद होते, ते मुलाने मागच्या बाजूला वळवले. व्याह्यांनी टोले दिले: वन्संचा, स्वतःचा, माझा, मुलाचा, सुनेचा. मग घंटी नातीच्या मुठीत दिली आणि आपण श्वास रोखून उभे राहिले.

तिने घंटी आधी तोंडात घातली. चव पसंत पडली नसावी. मग जी हलवली, की शेजारच्या कुत्र्याने उत्तर दिलं.

"एक टोला म्हटलं होतं गं!" सून ओरडली.

"असू दे, असू दे," वन्सं म्हणाल्या. "माझ्यावर गेलीय."

सगळं आवरल्यावर मी वही उघडली आणि सकाळच्या नोंदीखाली लिहिलं: रिबनींच्या डब्याचं झाकण सैल झालं आहे. एकोणसाठवाल्या रिबनीने बांधून ठेवलं.