कसौलीच्या टॅक्सीत पुढे कोण बसणार

आमच्या पद्मजाताईंना गाडी लागते. कालक्याच्या पुढे पहिलं वळण आलं की लिंबू हुंगायला सुरुवात, मग धरमपूरला उतरून ओकायचं, तोंड धुवायचं आणि पुन्हा गाडीत बसायचं. अशी बाई लोकांना कसौली दाखवते म्हटल्यावर कुणीही हसेल. हसा खुशाल, मीही हसायचे.

डोंगरांच्या पायथ्याच्या शहरात, सेक्टर बावीसला बस स्टँडजवळ आमची घरं शेजारी-शेजारी. त्यांचे श्यामकांतराव विद्यापीठात शिकवायचे. शाळांच्या परीक्षा संपल्या की महाराष्ट्रातून ओळखीपाळखीची कुटुंबं येऊन धडकायची. ताई त्यांना वरणभात घालायच्या आणि बलकार सिंगांच्या टॅक्सीतून कसौलीला धाडायच्या. पूजेच्या सुट्टीत बंगाली, बर्फ पडलं की दिल्लीची नवी जोडपी, पण मे महिना आपल्या माणसांचा. बलकार सिंगांचं वर्ष त्या मेवरच निघायचं.

अठ्ठ्याऐंशी साली अतिरेक्यांच्या बातम्यांनी तो मे पार बुडवला. आधीच येणारे थोडे, त्यात जे आले ते पगडी बघून टॅक्सीत पायच ठेवीनात. एक दिवस बलकार सिंग ताईंच्या दारात येऊन खालमानेने म्हणाले, "बहनजी, केस कटवा लेता हूँ. घर तो चलाना है."

"खबरदार!" ताई भडकल्याच. "आगे की सीट पर मैं बैठूँगी. बघतेच, कोण बसत नाही ते!"

आणि बसल्या की हो! प्रत्येक खेपेला, हातात लिंबू घेऊन. बाई पुढे बसलीय म्हटल्यावर लोकही कुरकुरत का होईना, मागे बसायचे.

अशातच नाशिकहून माझा भाऊ अविनाश आला, बायको आणि लेकीला घेऊन. टॅक्सी बघून म्हणाला, "दुसरा ड्रायव्हर नाही का मिळणार?" मला अस्सा राग आला! ताई मात्र सरळ पुढे जाऊन बसल्या. मी अविनाशला मागे ढकललं आणि शेजारी बसले.

परवाणूला नाक्यावर गाडी अडवली. शिपायाने एकट्या बलकार सिंगांना खाली उतरवलं. हात वर करायला लावले.

ताईंचा चेहरा पहिल्या दोन-चार वळणांनीच पांढराफटक पडलेला. तरी त्या उतरल्या आणि त्यांच्या शेजारी हात वर करून उभ्या राहिल्या.

"मॅडम, आप बैठिए."

"एक गाड़ी में आए हैं, तलाशी भी सबकी होगी."

ऊन रणरणत होतं. ताई उभ्या जागी डोलायला लागल्या. मी उठणार तोच पलीकडचं दार उघडून अविनाश उतरला. बलकार सिंगांच्या दुसऱ्या बाजूला जाऊन त्यानेही हात वर केले. शिपाई ओशाळला. घाईघाईने चाचपून त्याने आम्हाला सोडलं.

ताई पुढचं दार उघडायला गेल्या, तर अविनाश म्हणाला, "ताई, तुम्ही मागे पडा जरा. पुढे मी बसतो."

बलकार सिंगांनी दोन्ही हातांनी पगडी सारखी केली आणि गाडी सुरू केली. केस कापायची गोष्ट त्यांनी पुन्हा कधी काढली नाही.